निर्लेखनाआधी दुरुस्ती

गेल्या एप्रिलमध्ये भंगारवाल्याने आमच्या ट्रॅक्टरचे 21 हजार सांगितले. बोनेट उघडून बघण्याची त्याला गरज वाटली नाही. टायरला पायाने ढोसलं, एक चक्कर मारली, वजनाचा अंदाज केला आणि किलोच्या हिशेबाने आकडा सांगून मोकळा झाला. मी म्हटलं, "अरे, ट्रॅक्टर आहे तो." तो शांतपणे म्हणाला, "सर, चालतो तोवर ट्रॅक्टर. बंद पडला की लोखंड."

माझा त्याच्यावर राग नाही. आठ वर्षं पडवीत उभ्या असलेल्या त्या यंत्राची चौकशी करायला आलेला तो एकटाच माणूस होता. राग त्या वाक्यावर आहे, कारण ते आता फक्त भंगारवाल्याचं राहिलेलं नाही. सरकारी योजना तेच बोलतात, शोरूममध्ये तेच ऐकू येतं, आणि आपण शिकलेली माणसं तर ते सगळ्यात मोठ्या आवाजात बोलतो. चालतं तोवर वापरा, थांबलं की टाका, नवं घ्या, हप्ते भरा.

हा ट्रॅक्टर मोठा नाही. साडेअठरा अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा मिनी ट्रॅक्टर. नाशिक जिल्ह्यात अशा ट्रॅक्टरांना द्राक्षबागेने ओळख दिली. दोन ओळींच्या मधून जायचं, मांडवाखाली वळायचं, मागे फवारणीचा ब्लोअर ओढायचा, हे काम पंचेचाळीसच्या धिप्पाड ट्रॅक्टरला जमत नाही. दिंडोरीकडच्या एका बागायतदाराने नवा घेतला तेव्हा अब्बांनी त्याचा हा जुना विकत घेतला आणि त्र्यंबकला आणला. द्राक्षासाठी नाही, भातासाठी. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी ज्यांची शेती आहे त्यांना सांगायला नको की इथली खाचरं केवढी असतात. एका बांधावर उभं राहून दुसऱ्या बांधावरच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येतं. तिथे मोठा ट्रॅक्टर उतरला तर वळताना बांध फोडतो. हा छोटा मात्र चिखलणी करून गुपचूप बाहेर यायचा. अब्बा गेले, मी शाळेत अडकलो, ट्रॅक्टर पडवीत उभा राहिला. आधी बॅटरी गेली, मग उंदरांनी वायरिंग खाल्लं, मग इंजिन जाम झालं.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. यंत्राशी माझा संबंध शब्दांपुरता. पण त्या शब्दांनीच मला आधी अडवलं. "दुरुस्त" हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. मूळ अर्थ बरोबर, योग्य, धड. "तंदुरुस्त"मध्ये तोच दुरुस्त बसलेला आहे: ज्याचं तन धड आहे तो. "मरामत" अरबी-फारसीतली, "औजार", "कारागीर" आणि "पेच"ही तिकडचेच. हे सगळे शब्द मराठीत इतके मुरले आहेत की कोणी त्यांना परके म्हणत नाही. शिक्षक वहीत लाल शाईने जे करतो त्यालाही आपण दुरुस्तीच म्हणतो. मुलाने वाक्य चुकवलं म्हणून कोणी मुलाला भंगारात घालत नाही. चूक कुठे आहे ते दाखवतो, पुन्हा लिहायला लावतो.

त्याच शाळेत दुसरा एक शब्द आहे: निर्लेखन. ज्यांनी जडवस्तू संग्रह नोंदवही सांभाळली आहे त्यांना तो पाठ असेल. वस्तू निकामी झाली की तिची यादी करायची, समितीच्या सह्या घ्यायच्या आणि नोंदीतून काढून टाकायची. निर्लेखनाला नमुना आहे, समिती आहे, शिक्का आहे. पण एका छोट्या भागावाचून बंद पडलेला संगणक दुरुस्त करून घ्यायचा म्हटलं तर कोणत्या शीर्षातून खर्च टाकायचा, यावर महिना जातो. वस्तू मारायची पद्धत पक्की आहे, वाचवायची नाही. शेतीच्या यंत्रांचं धोरणही असंच झालं आहे, हे माझं म्हणणं आहे.

कृषी यांत्रिकीकरणाचं केंद्राचं उपअभियान 2014-15 पासून चालू आहे. महाडीबीटीवर अर्ज करायचा, निवड व्हायची वाट बघायची, मग ठराविक मर्यादेपर्यंत किमतीच्या 40 ते 50 टक्के अनुदान. योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही. अनेक घरी तिच्यामुळे पहिलं यंत्र आलं. पण अनुदान मिळतं ते नव्या यंत्राच्या खरेदीला. ज्याच्या पडवीत जुना ट्रॅक्टर उभा आहे आणि ज्याला चाळीस हजारांत तो उभा करता येईल, त्याला तिथे रकानाच नाही. चाळीस हजारांची गरज असलेल्याला आपण तीन-चार लाखांच्या खरेदीकडे ढकलतो, त्यातले लाखभर सरकार देतं आणि उरलेल्या रकमेसाठी त्याला बँकेच्या दारात उभं करतो. मग त्याच्या कर्जावर चर्चासत्रं भरवतो.

आता आक्षेपांकडे येतो. हे सगळे मी शिक्षकांच्या खोलीत ऐकलेले आहेत.

पहिला आक्षेप: जुनं यंत्र म्हणजे पैसे खाणारं भूत. आज हे, उद्या ते. माझा हिशेब मांडतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक मिस्त्रीचाचा, माझे दोन माजी विद्यार्थी आणि मी अशी चौघांची टोळी कामाला लागली. चाचांनी आल्या आल्या सांगितलं, "जबरदस्ती नको. स्टार्टर मारला तर आतलं मोडेल." नोझल काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि रॉकेल ओतलं आणि चार दिवस हात लावला नाही. रोज सकाळी पुढच्या पुलीला पाना लावून हलकेच दाब द्यायचा. पाचव्या दिवशी पुली बोटभर सरकली. त्या बोटभर सरकण्यासाठी माझा थोरला विद्यार्थी ज्या आवाजात ओरडला, तो आवाज त्याने दहावीच्या निकालालाही काढला नव्हता.

मग हेड उतरवलं. रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले, डिझेलच्या टाकीतला काळा गाळ आणि पाणी काढलं, दोन्ही फिल्टर नवे टाकले. नाशिकला पंप-नोझलच्या कारखान्यात टेस्टरवर लावून पाहिलं तेव्हा तीनपैकी दोन नोझल फवारा मारण्याऐवजी नळासारखे ठिबकत होते. ते बदलले. रेडिएटर साफ करून घेतला, ब्रेकचे लायनर बदलले, वायरिंग नवं ओढलं, बॅटरी आणि पुढचे दोन टायर घेतले. हेड परत बसवताना मी हौसेने एका कडेने बोल्ट आवळत निघालो, तेव्हा चाचांनी पाना काढून घेतला. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत, थोडे थोडे आवळायचे असतात. एकाच कडेने आवळले तर हेड वाकडं बसतं आणि गॅसकेट फुंकतं. "सर, पोरांना ओळीत उभं करता. बोल्टांना पण ओळ असते."

एकूण खर्च 38,300 रुपये, चाचांची मजुरी धरून. याच ताकदीचा नवा ट्रॅक्टर तीन लाखांच्या पुढे जातो. पैसे खाणारं भूत कुठलं, ते वाचकांनी ठरवावं. एक मात्र मान्य करतो: प्रत्येक जुनं यंत्र वाचवण्यासारखं नसतं. ब्लॉकला तडा असेल, गिअरबॉक्सचं आवरण फुटलं असेल, तर भंगारवाल्याला बोलवा. पण हा निकाल इंजिन उघडून लावायचा असतो, टायरला पाय लावून नाही.

दुसरा आक्षेप: जुन्या गाड्यांवर बंदी आलीय, आणि धूर किती ओकतात त्या. बंदीची गोष्ट आधी. दहा वर्षं झाली की ट्रॅक्टर भंगारात घालावा लागणार, अशा बातम्या फिरल्या तेव्हा खुद्द केंद्र सरकारला खुलासा करावा लागला की असा नियम नाही. शेतीच्या ट्रॅक्टरची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते आणि नंतर ती 5-5 वर्षांनी वाढवता येते. अफवा मात्र खुलाशापेक्षा लांब पोहोचली. तिच्या भीतीने कवडीमोलाने ट्रॅक्टर विकलेले लोक मला माहीत आहेत.

धुराचा मुद्दा खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. जुनं डिझेल इंजिन नव्या मानकांची बरोबरी करणार नाही. पण ट्रॅक्टर काळा धूर ओकतो तेव्हा बहुतेक वेळा नोझल ठिबकत असतो, पंपाची सेटिंग बिघडलेली असते किंवा एअर फिल्टर मातीने भरलेला असतो. म्हणजे काळ्या धुरावर पहिला उपाय दुरुस्तीच आहे. वर, हे यंत्र वर्षातून फार तर दोन आठवडे चालणार. त्यासाठी नवा ट्रॅक्टर ओतायचा, घडवायचा, रंगवायचा आणि शेकडो किलोमीटरवरून आणायचा, त्याचा धूर कोण मोजतो? तो आपल्या शिवारात दिसत नाही, एवढंच.

सुरक्षेबद्दल मात्र मी कडक आहे. जुन्या ट्रॅक्टरवर चालकाला वाचवणारी चौकट नसते. मागचा पीटीओचा दांडा मिनिटाला 540 फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणी, उपरणं, सैल बाही त्याने पकडली तर सोडवायला वेळ मिळत नाही. आम्ही सगळ्यात आधी त्या दांड्यावर पत्र्याचं आवरण बसवलं, रंगकाम त्यानंतर. नोंदणी वाढवायचा अर्ज केला आहे. तोवर ट्रॅक्टर शेताबाहेर जात नाही आणि त्याला ट्रॉली लागत नाही. दुरुस्तीची बाजू घेणाऱ्याने इतकी शिस्त पाळलीच पाहिजे, नाहीतर त्याचं म्हणणं कोणी ऐकू नये.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त लागला. "सर, तुम्ही बी.एड. झालेले. हे मिस्त्रीचं काम." म्हणणारा माझा मित्र आहे, तोही बी.एड. आम्ही दोघांनी बी.एड.ला नई तालीमवर लांबलचक उत्तरं लिहिली आहेत. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि तिच्या समितीचं अध्यक्षपद डॉ. झाकिर हुसेन यांच्याकडे आलं, जे पुढे राष्ट्रपती झाले. शिक्षणाच्या मध्यभागी हातांचा एक उद्योग असावा, हे त्या योजनेचं सूत्र. आम्ही ते पाठ केलं, गुण मिळवले आणि आयुष्यात कधी पाना धरला नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं, म्हणजे त्यांनी सुताराकडे, माळ्याकडे, कुंभाराकडे काम शिकावं. किती शाळांनी त्या दहा दिवसांत मुलांना गॅरेजमध्ये नेलं? बहुतेक ठिकाणी चित्रकला स्पर्धा होते आणि फोटो वर पाठवले जातात.

ज्यांना हे काम शिक्षकाला शोभत नाही असं वाटतं, त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांची हकीकत आठवावी. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ती नोकरी सोडून त्यांनी बेळगावात भावाबरोबर सायकलींच्या दुकानात लक्ष घातलं. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या, लोकांना चालवायला शिकवायचं. तिथून ते शेतीच्या औजारांकडे वळले, आणि औंधच्या राजांनी जागा दिल्यावर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, असं तेव्हा शेतकरी म्हणत. महाराष्ट्राच्या शेतीयंत्राच्या इतिहासात पहिल्याच पानावर एक शिक्षक आणि एक सायकलचं दुकान आहे. आपण ते पान जयंतीच्या भाषणापुरतं ठेवलं.

आमच्याच जिल्ह्यात मालेगाव आहे. तिथले जुने साधे यंत्रमाग आजही चालतात ते तिथल्या फिटरांच्या बळावर. आवाजावरून मागाचा आजार सांगणारी माणसं आहेत ती. त्यांना आपण "अनपढ" म्हणतो. आमच्या चाचांना लिहिता येतं ते सहीपुरतं. पण दांड्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून कुठल्या सिलिंडरमध्ये ठोका आहे हे ते सांगतात, आणि उघडल्यावर ते खरं निघतं. हे ज्ञान नाही तर काय आहे? उस्ताद आणि शागिर्द असा अभ्यासक्रम आमच्या बी.एड.पेक्षा जुना आहे. त्याला प्रमाणपत्र नाही इतकंच.

आणि हे ज्ञान टिकायला जागा लागते. पुढच्या चाकाचा हब आम्हाला कुठल्याच दुकानात मिळाला नाही, मिळाला तो नाशिकच्या एका भंगाराच्या ढिगात. 2017 मध्ये महापालिकेने अंबड लिंक रोडवरचा भंगार बाजार हटवला. अतिक्रमणाचा प्रश्न होता, रहिवाशांच्या तक्रारी होत्या, ते मी नाकारत नाही. पण शहराला भंगार बाजार नको असेल तर जुने सुटे भाग मिळण्याची दुसरी रीतसर जागा कुठे, याचं उत्तरही शहरानेच द्यायला हवं. जो बाजार आपल्याला घाण वाटतो, तोच हजारो यंत्रांचं रक्तपेढीसारखं काम करत असतो.

हा प्रश्न फक्त जुन्या ट्रॅक्टरांचा आहे असं समजू नका. नवे ट्रॅक्टर संगणकावर चालू लागले की आपल्या चाचांच्या हातातला पानाही काढून घेतला जाईल. अमेरिकेत हे होऊन गेलं. 1963 मध्ये जॉन डिअरने 110 नावाचा छोटा बागेचा ट्रॅक्टर काढला. आजही तिकडचे हौशी लोक तसली यंत्रं गॅरेजमध्ये खोलून पुन्हा उभी करतात, रंगवतात, जत्रेत मिरवतात. त्याच देशात नव्या मोठ्या यंत्रांची दुरुस्ती कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय होत नाही म्हणून शेतकरी भांडत आहेत. 2023 मध्ये कोलोरॅडो राज्याने शेतकऱ्याला स्वतःचं यंत्र दुरुस्त करण्याचा हक्क देणारा कायदा केला. जानेवारी 2025 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने याच मुद्द्यावर जॉन डिअरविरुद्ध खटला भरला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, तिने निवडलेल्या क्षेत्रांत शेतीची यंत्रं होती, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही निघालं. चांगलं झालं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, आणि आमच्या चाचांना पोर्टल वाचता येत नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. यांत्रिकीकरणाच्या योजनेत दुरुस्तीसाठी एक रकाना ठेवा. नव्या ट्रॅक्टरवर जे अनुदान देता, त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात एक जुना उभा राहतो. गावोगावच्या औजारे बँकेला यंत्रं देता तसा एक पगारी मिस्त्रीही द्या. विकलेल्या प्रत्येक मॉडेलचे सुटे भाग किती वर्षं मिळतील हे कंपनीने विक्रीच्या दिवशी लिहून द्यावं, आणि दुरुस्तीची पुस्तिका मराठीत द्यावी. आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे, तिथे शिकवायला आमच्या चाचांसारख्यांना बोलवा. अनुभवाने शिकलेल्यांना प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे, ती तालुक्याच्या गॅरेजपर्यंत आणा. आणि दप्तराविनाचे ते दहा दिवस खरोखर दप्तराविना जाऊ द्या.

जुलैत पाऊस लागला. भाताचं रोप 21 ते 25 दिवसांचं झालं की आवणी व्हायला हवी. उशीर झाला तर फुटवे कमी येतात. भाड्याचा ट्रॅक्टर आधी मोठ्या शेतात जातो, लहान खाचराचा नंबर शेवटी लागतो, आणि रोप तोवर वाट बघत नाही. या वर्षी आमची चिखलणी वेळेवर झाली, शेजारच्या दोन घरांचीही त्याच ट्रॅक्टरने झाली. तिसऱ्या खाचरात तो एकदा बंद पडला. चाचा येईपर्यंत माझ्या धाकट्या विद्यार्थ्याने फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून एअर काढली आणि चालूही केला. त्याला मी तीन वर्षं मराठी शिकवलं होतं. व्याकरणात तो नेहमी नापास व्हायचा, आणि त्याच्या प्रगतिपुस्तकात "प्रगती असमाधानकारक" हा शेरा मीच लिहिला होता. ते निर्लेखन माझ्या हातचं होतं.

तुमच्या पडवीत, गोठ्यात, बांधावर एखादं यंत्र उभं असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी मिस्त्रीला बोलवा. तो आला की बसायला खुर्ची द्या, चहा द्या, आणि आपल्या पोरापोरींना त्याच्या शेजारी उभं करा.